आयर्लंडच्या शेतातले तण आणि तिथली झाडपाल्याची औषधे: जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

पार्ल्याच्या बाई

नमस्कार. मी विलेपार्ल्यात राहते आणि तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. माझी मुलगी आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यात, एनिस गावापासून थोड्या अंतरावर राहते. गेल्या जुलैपासून मी दीड महिना तिच्याकडे होते. तिथे पाहिलेली एक गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मुलीच्या घरामागे एका वयस्क शेतकऱ्याचे गुरांचे कुरण आहे. एका सकाळी ते जाड हातमोजे घालून कमरेएवढी उंच, पिवळ्याधमक फुलांची रोपे मुळासकट उपटत होते आणि गळून पडलेली पानेसुद्धा वेचून पोत्यात भरत होते. फुले इतकी देखणी होती, की ती का उपटता, असे मी विचारल्यावाचून राहिले नाही. त्यांनी सांगितले, की हे रॅगवर्ट, आयरिश भाषेत याला बुअखलान म्हणतात, आणि हे पोटात गेले की गुरांचे यकृत निकामी होते. लगेच पुढे ते म्हणाले, की त्यांची आजी सांगत असे, रात्री परीलोकातली माणसे याच दांड्यांचे घोडे करून त्यांवरून फिरतात. या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या. पहिली खरी आणि दुसरी केवळ गंमत, असा भेद त्यांच्या आवाजात मला जाणवला नाही.

परत येताना दगडी गडग्यावर हात टेकला तो नेमका नेटल या अंगाची आग करणाऱ्या रानटी झाडाच्या झुडपात. मनगटापासून बोटांपर्यंत आग आग झाली आणि बारीक पांढऱ्या गांधी उठल्या. शेतकऱ्याच्या पत्नीने फाटकाच्या बुडाशी उगवलेले डॉकचे एक रुंद पान तोडले, ते दोन्ही तळव्यांत रस सुटेपर्यंत चुरडले आणि माझ्या हातावर चोळले. काही मिनिटांत आग कमी झाली. मी आभार मानू लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि सांगितले, की औषधाबद्दल आभार मानायचे नसतात, मानले तर गुण जातो.

नंतर जावयांकडून कळले, की ज्या डॉकने माझी आग शमवली, तोही तिथे तणच समजला जातो आणि तो काढण्याची जबाबदारी कायद्याने जमीनधारकावर टाकलेली आहे. शेतकरी ज्या झाडांच्या मागे लागतो, तीच झाडे घरच्या औषधांत का असावीत? हा योगायोग आहे, की त्यामागे काही कारण आहे? या समजुतींची तिथे कोणी पद्धतशीर नोंद केली आहे का? आमच्या वाचक मंडळात मला या विषयावर बोलायचे आहे. त्यामुळे यातले लोकांना काय सांगावे आणि काय सांगताना सावध राहावे, हेही समजून घ्यायचे आहे. पावसाळा सुरू झाला की पार्ल्याच्या स्टेशनबाहेर टाकळ्याच्या जुड्या येतात. त्या पाहिल्या की आपल्याकडेही हेच चालते, असे वाटते, पण नुसत्या वाटण्यावर बोलायला मी उभी राहू इच्छित नाही.

दादरचा वनस्पतिवाचक

बाई, नमस्कार. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि लोकपरंपरेतील वनस्पती हा माझ्या आवडीचा विषय आहे. आपल्या मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यातूनच उलगडत जाईल.

नोंद झालेली आहे, आणि ती फार मोठी आहे. आयर्लंडमध्ये १९३५ साली सरकारी लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. त्याने १९३७ ते १९३९ या काळात शिक्षकांच्या मदतीने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांकडून, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांकडून, घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून माहिती लिहून घेतली. स्वतंत्र झालेल्या सव्वीस परगण्यांतील सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० हून अधिक मुले यात सहभागी झाली आणि सुमारे ७,४०,००० पाने जमली. आज हा संग्रह डब्लिनच्या विद्यापीठात आहे आणि ती पाने संगणकावर कोणालाही वाचता येतात. आपण स्वतः शिक्षिका असल्यामुळे मुलांच्या त्या वळणदार अक्षरातली पाने आपल्याला विशेष भावतील, याची मला खात्री आहे.

यातली आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली बाब अशी, की त्या मुलांना दिलेल्या विषयांत ‘वनस्पती’ असा एक विषय होता आणि त्यात शेतातले त्रासदायक तण व औषधी झाडपाला हे दोन्ही एकत्र आले होते. त्यामुळे कित्येक पानांवर मूल आरंभी लिहिते, की आमच्या शेतातले सर्वांत वाईट तण म्हणजे काटेरी थिसल, डॉक आणि बुअखलान, ते झपाट्याने पसरतात, जमिनीचा कस ओढून घेतात. त्याच पानावर चार ओळी खाली तेच मूल लिहिते, की अमक्या पानाने रक्त थांबते आणि तमक्या मुळाचा काढा पोटाला चांगला. आणि ध्यानात घ्या, घातक तणांचा कायदा तिथे १९३६ साली झाला, म्हणजे मुलांनी वह्या लिहायला घेतल्या त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. रॅगवर्ट, थिसल आणि डॉक ही तिन्ही नावे त्या कायद्यात आहेत. सरकारचा एक हात ही झाडे उपटायला सांगत होता आणि दुसरा हात त्यांच्याविषयीच्या आठवणी लिहून घेत होता.

आता कारणाकडे येतो. हा योगायोग नाही, असे माझे ठाम मत आहे. तण म्हणजे माणसाने उकरलेल्या, तुडवलेल्या, शेणखत पडलेल्या जमिनीवर आपणहून उगवणारी वनस्पती. ती दारात, गोठ्यामागे, बांधावर आणि वाटेच्या कडेला असते. घरात मूल पडले, कोयता लागला, गाय आटली, तर डॉक्टर कोसभर दूर आणि खिशात पैसा नाही, अशा वेळी हात ज्या पानापर्यंत पोहोचतो, तेच पान औषध म्हणून आजमावले जाते. शतकानुशतके आजमावून जे उपयोगी वाटले, ते टिकले. शिवाय तणाला नांगर, गुरे आणि किडी यांच्या माऱ्यात तग धरायची असते, म्हणून त्यातल्या अनेकांत कडू, तुरट आणि विषारी द्रव्ये साठलेली असतात. तीच द्रव्ये माणसाच्या शरीरावर बऱ्यावाईट रीतीने काम करतात. औषध आणि विष या दोघांचे घर एकच असते, ते असे.

उदाहरण म्हणून एकाच झाडाबद्दल जरा थांबून सांगतो. प्लँटेन नावाचे एक तण आहे (याच नावाने ओळखली जाणारी केळी नव्हेत), त्याला आयरिश भाषेत स्लानलुस म्हणतात. ‘स्लान’ म्हणजे निरोगी, धडधाकट, आणि ‘लुस’ म्हणजे वनस्पती. अरुंद भाल्यासारखी पाने, पानांवर बुडापासून टोकापर्यंत समांतर गेलेल्या ठसठशीत शिरा आणि उंच बारीक दांड्याच्या टोकाला तपकिरी कणीस, असे त्याचे रूप असते. पान चघळून किंवा चुरडून जखमेवर बांधले की रक्त थांबते, ही समजूत त्या वह्यांत जागोजागी सापडते. त्यात टॅनिन असते आणि जंतूंची वाढ रोखणारी द्रव्येही असतात, त्यामुळे ही समजूत निराधार म्हणता येत नाही. आपल्या वाचक मंडळातल्या प्रत्येक घरात या झाडाचे एक भावंड आहे. इसबगोल हा याच वंशातला आहे, उत्तर गुजरातेत त्याची शेती होते आणि त्याच्या बियांचे साल आपण रात्री पाण्यातून घेतो. तिथे पान महत्त्वाचे ठरले, इथे बीचे साल, पण कूळ एकच.

नेटलचेही असेच आहे. मे महिन्यात तीन वेळा नेटलची भाजी खाल्ली तर वर्षभर आजार जवळ फिरकत नाही, असे तिथे म्हणत. कोवळी पाने शिजवली की त्यांची आग जाते. हिवाळाभर बटाट्यावर काढलेल्या घरात वसंतातली ही पहिली हिरवी भाजी लोह आणि जीवनसत्त्वे घेऊन येई, तेव्हा अंगात बळ आल्यासारखे वाटले नसते तरच नवल. १८४५ पासूनच्या मोठ्या दुष्काळात तर नेटल आणि रानमोहरी यांवर लोकांनी दिवस काढले. डँडेलियन या पिवळ्या रानफुलाला तिथे संत ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीचे फूल मानतात. तिचा सण १ फेब्रुवारीला, वसंताच्या तोंडावर येतो आणि देठ मोडला की दुधासारखा चीक निघतो, म्हणून दूधदुभत्याच्या रक्षणकर्तीशी त्याचे नाते जुळले.

मुलुंडची औषधनिर्माती

बाई, वरचे उत्तर मनापासून आवडले. मी औषधनिर्माण क्षेत्रात काम करते, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, म्हणजे काय सांगताना सावध राहावे याबद्दल, लिहिते.

आधी डॉकविषयी. नेटलचा दंश आम्ल असतो आणि डॉकचा रस अल्क असतो, म्हणून आग शमते, असे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. कृपया ते मंडळात सांगू नका. डॉकच्या पानात ऑक्झॅलिक आम्ल असते, म्हणजे तो रसही आंबटच असतो. नेटलचे केस कातडीत घुसले की हिस्टामिन, ॲसिटिलकोलीन आणि सेरोटोनिन ही द्रव्ये सोडतात आणि आग मुख्यतः त्यांच्यामुळे होते. ओल्या पानाचा गारवा, चोळण्यामुळे विचलित झालेली संवेदना आणि कोणीतरी आपुलकीने हात धरला आहे ही जाणीव, यांचा त्या आरामात मोठा वाटा असावा, असे मला वाटते. आराम खरा होता, त्याचे कारण मात्र लोक सांगतात ते नाही.

आता यकृताच्या विषाबद्दल. रॅगवर्टमध्ये पायरोलिझिडीन अल्कलॉइड या गटातली विषे असतात. हिरवे असताना ते कडू लागते म्हणून गुरे सहसा तोंड लावत नाहीत, पण गवताबरोबर कापून वाळवले की कडवटपणा कमी होतो आणि विष तसेच राहते. म्हणूनच तो शेतकरी गळालेली पानेसुद्धा वेचत होता. त्याच्या त्या पोत्यात पिढ्यांचे शहाणपण होते. मला चिंता वाटते ती दुसऱ्याच झाडाची. कॉम्फ्री नावाच्या वनस्पतीला तिकडे हाडसांधी मानतात, तिच्या मुळाचा लगदा मोडलेल्या हाडावर बांधत. त्या कॉम्फ्रीतही याच गटातली विषे आहेत. माझ्या एका मावशींनी मनगट मोडल्यावर कोणाच्या तरी सांगण्यावरून कॉम्फ्रीचा चहा मागवला होता आणि नैसर्गिक आहे, या एकाच भरवशावर तो दोन आठवडे घेतला. पाकीट पाहून मी तो बंद करायला लावला आणि डॉक्टरांकडून यकृताच्या तपासण्या करवून घेतल्या. सुदैवाने त्या ठीक निघाल्या, पण तो आठवडा आम्ही काळजीत काढला.

ही विषे फक्त परदेशातली नाहीत. आपल्याकडे खुळखुळा म्हणून जे तण असते, ज्याच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की आत बिया खुळखुळतात, त्याच्या वंशातल्या अनेक झाडांत हीच द्रव्ये असतात. १९७० च्या दशकाच्या मध्यास सरगुजा जिल्ह्यात, जो आता छत्तीसगडमध्ये आहे, या वंशातल्या एका तणाच्या बिया भरड धान्यात मिसळल्या गेल्या आणि ते धान्य खाणाऱ्या आदिवासी कुटुंबांत यकृताचा गंभीर आजार पसरला. नोंदलेल्या ६७ रुग्णांपैकी २८ जण दगावले. तण निवडणे, धान्य पाखडणे, ही कामे आपल्या आज्या इतक्या काळजीने का करत, हे ही बातमी वाचल्यावर मला उमगले.

फॉक्सग्लव्हबद्दलही हेच सांगेन. आयर्लंडमध्ये ते परीलोकाशी जोडलेले झाड आहे आणि परीची बाधा झाली असे मानलेल्या अशक्त मुलांवर त्याचा प्रयोग होत असे. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी खेड्यातल्या एका गुप्त काढ्याचा माग काढून त्यातले खरे औषध फॉक्सग्लव्ह आहे हे ओळखले आणि १७८५ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यातूनच पुढे हृदयविकारावरचे डिजिटॅलिस आले. गुणकारी मात्रा आणि प्राणघातक मात्रा यांच्यात तिथे फार थोडे अंतर असते. तेव्हा मंडळात पोटात घेण्याच्या कोणत्याही औषधाचे प्रमाण सांगू नये, एवढी विनंती आहे.

लालबागकर

बाई, माझे गाव लांजा. आई-वडील गिरणीच्या दिवसांत मुंबईत आले, पण माझी शाळेची चार वर्षे आजीजवळ गावी गेली. वरच्या दोघांइतका माझा अभ्यास नाही. तरी आभार न मानण्याची जी गोष्ट आपण लिहिलीत, तिच्यासाठी हे लिहीत आहे.

आमच्या आजीला कावीळ आणि विंचू यांवरचा पाला माहीत होता. तो ती कोणाला दाखवत नसे. पैसे घेत नसे, नारळसुद्धा घेत नसे. पाला आणायला जाताना वाटेत कोणाशी बोलायचे नाही आणि आणल्यावर उंबऱ्याच्या आत ठेवायचा नाही, असे तिचे नेम होते. मी पुढे वाचले, की आयर्लंडमध्येही अमक्या घराण्याकडे अमक्या दुखण्याचा उतारा, असे चालत आले आहे, त्याचे पैसे घेत नाहीत आणि सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला हातगुण असतो असे मानतात. आपल्या मुलीच्याच क्लेअर परगण्यात बिडी अर्ली नावाची झाडपाल्याची जाणती बाई होऊन गेली. ती १८७४ साली वारली. तिच्याजवळच्या निळ्या बाटलीत पाहून ती रोग सांगते अशी ख्याती होती. तिथल्या धर्मगुरूंचा तिला विरोध होता आणि जादूटोण्याच्या जुन्या कायद्याखाली तिला एनिसच्या न्यायालयातही उभे केले गेले होते. लोक मात्र तिच्याकडे जातच राहिले.

औषधनिर्मातीताईंचे सगळे म्हणणे मला मान्य आहे, फक्त एका बाबतीत थोडे वेगळे वाटते. नेम बाजूला काढून नुसते झाड आणि त्यातले द्रव्य तेवढे उरवले, तर ती परंपरा राहत नाही. पैसे न घेण्याच्या नेमामुळे पाल्याचा बाजार झाला नाही आणि गरिबाला नाही म्हणण्याची वेळ आली नाही. पाला गुप्त ठेवल्यामुळे कोणीही उठून विषारी पान खाल्ले नाही. मात्र त्याच गुप्ततेमुळे आजी गेली तेव्हा तिची विद्याही गेली. काविळीला ती भुईआवळी देई, असे आम्ही नुसते तर्काने म्हणतो, विंचवाचा पाला कोणता ते आज घरात कोणालाच ठाऊक नाही. आयर्लंडच्या मुलांनी वेळेवर विचारले. मी चार वर्षे तिच्या मागे मागे हिंडलो, पण विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

टाकळ्याबद्दल आपण लिहिले आहे, त्यात आपला अंदाज बरोबर आहे. संस्कृतात त्याचे नाव चक्रमर्द, म्हणजे गजकर्णाची चकती मोडणारा, आणि आमच्याकडे त्याच्या बिया ताकात वाटून गजकर्णाला लावत. पहिल्या पावसाची कोवळी भाजी, पुढे औषध आणि श्रावणानंतर शेतकऱ्याला नकोसे झालेले तण, असे तीन जन्म तो एका पावसाळ्यात घेतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून नांगराविना उगवलेले जे शिजवतात, त्यातही पुष्कळसे असेच आपणहून आलेले असते. गणपतीच्या पत्रीत माका, आघाडा, धोतरा हे सारे बांधावरचेच सोबती. दादरच्या फुलबाजारात आदल्या रात्री त्यांचे भारे उतरतात, तेव्हा वर्षभर कोणी ढुंकून न पाहिलेल्या झाडांसाठी लोक रांगेत उभे असतात.

आणखी एक. कोयता लागला की आजी एकदांडीचा पाला, ज्याला घाटावर दगडी पाला म्हणतात, चुरून जखमेवर धरी. मी त्याला अगदी आपले मूळचे झाड समजत होतो. ते उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. म्हणजे परके तण दारात आले, कोणीतरी ते जखमेवर लावून पाहिले आणि काही पिढ्यांत ते आजीचे औषध झाले. वनस्पतिवाचक सर म्हणतात तो दाराचा आणि हाताचा नियम मला इथे दिसतो. उलट १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम दिसलेले गाजर गवतही दारातच आहे, पण त्याने अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो, म्हणून त्याला आज्यांनी हात लावला नाही.

पार्ल्याच्या बाई

आपणा तिघांचेही उत्तर मी दोनदा वाचले. लालबागकर, आजींबद्दल आपण लिहिलेले वाचून मी रात्री मुलीला दूरध्वनी केला आणि तिला त्या शेजारणीकडे पाठवले. तिने विचारल्यावर त्या बाईंनी सांगितले, की डॉक चोळण्याची रीत त्यांना आईने शिकवली आणि चोळताना ‘डॉक आत, नेटल बाहेर’ अशा अर्थाचे शब्द म्हणायचे असतात. माझ्या हातावर चोळताना त्यांचे ओठ हलत होते हे मला आठवते, पण तेव्हा मला वाटले, की त्या माझी समजूत घालत आहेत.

मंडळातले भाषण मी आता निराळ्या तऱ्हेने करणार आहे. आयर्लंडच्या वह्यांची हकीगत सांगेन, स्लानलुस आणि इसबगोल यांचे नाते सांगेन, कॉम्फ्री आणि खुळखुळ्याचा इशारा देईन आणि कोणत्याही काढ्याचे प्रमाण सांगणार नाही. त्यानंतर उरलेला अर्धा तास श्रोत्यांकडून ऐकण्यासाठी ठेवेन. आमच्या मंडळात सत्तरीपुढच्या अकरा बायका आहेत, त्यांतल्या सात कोकणातल्या आणि दोघी खानदेशातल्या. प्रत्येकीला एक वही देणार आहे. डाव्या पानावर गावच्या शेतातले नकोसे झाड, उजव्या पानावर त्याचा घरात काय उपयोग होई, कोणी सांगितला, कोणत्या गावी, तोडताना काय पाळायचे आणि काही अपाय झाल्याचे आठवत असेल तर तोही, असे लिहायला सांगेन. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांचे मी लिहून घेईन.

लालबागकर, आपल्याकडे अजून कोणी वडीलधारे गावी असतील तर एवढे विचारून कळवाल का? एकदांडीचा पाला नुसता चुरायचा, की रस तळव्याला लागेपर्यंत चोळायचा, आणि तो लावताना आजी काही पुटपुटत असत का?